पीटर ओ'टूल आठ वेळा का हरले? ऑस्करच्या मतमोजणीची गोष्ट

एप्रिल २०२५ मध्ये ऑस्कर पुरस्कार देणाऱ्या अमेरिकी अकादमीने एक नवा नियम जाहीर केला. ज्या विभागात अंतिम मत द्यायचे आहे, त्या विभागात नामांकन मिळालेले सगळे चित्रपट सदस्याने पाहिलेले असलेच पाहिजेत, असा तो नियम. ही बातमी वाचून अनेकांनी कपाळाला हात लावला, कारण तिचा सरळ अर्थ असा होता की तोपर्यंत अभिनयासारख्या मोठ्या विभागांतही अशी सक्ती नव्हती. एखादा सदस्य पाचांपैकी दोनच चित्रपट पाहून मत देऊ शकत होता आणि त्याला विचारणारे कोणी नव्हते.

ही बातमी वाचताना मला आठवले ते पीटर ओ'टूल. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'मधला वाळवंटातला तो निळ्या डोळ्यांचा, उंच इंग्रज अधिकारी ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे नाव वेगळे सांगावे लागणार नाही. मुख्य भूमिकेसाठी त्यांना आठ वेळा नामांकन मिळाले आणि आठही वेळा पुरस्कार दुसऱ्या कोणाच्या तरी हाती गेला. अभिनेत्यांमध्ये हा विक्रम आजही त्यांच्याच नावावर आहे; अभिनेत्रींमध्ये ग्लेन क्लोज यांनी त्याची बरोबरी केली आहे. रिचर्ड बर्टन सात वेळा हरले, डेबोरा कर सहा वेळा. दुसरीकडे अर्ध्या तासाहूनही कमी वेळ पडद्यावर दिसलेल्या डेव्हिड निवन यांना 'सेपरेट टेबल्स'साठी सर्वोत्कृष्ट नायकाचा पुरस्कार मिळाला. हे कसे होते, ते समजण्यासाठी अभिनयाइतकेच मतमोजणीकडेही पाहावे लागते.

एक खुलासा आधीच करतो. खाली दिलेली वर्षे चित्रपटांच्या प्रदर्शनाची आहेत. पुरस्कार सोहळा साधारणपणे पुढच्या वर्षी होतो.

अकादमी म्हणजे नेमके कोण?

'अकादमी' म्हटले की सात-आठ विद्वान एका खोलीत बसून चर्चा करत आहेत असे चित्र डोळ्यांसमोर येते. आपल्याकडच्या नाट्यस्पर्धांत तीन परीक्षक असतात, निकालाआधी त्यांच्यात खल होतो आणि मग एकमताने नाव ठरते. ऑस्करमध्ये असे काहीच घडत नाही. १९२७ मध्ये स्थापन झालेली ही संस्था म्हणजे चित्रपट व्यवसायात काम करणाऱ्यांचे एक मोठे मंडळ आहे आणि आज तिचे सदस्य दहा हजारांच्या घरात आहेत. संकलक, छायालेखक, वेशभूषाकार, ध्वनिमुद्रक अशा त्यांच्या वेगवेगळ्या शाखा आहेत, त्यांतली सर्वांत मोठी नट-नटींची. हे सदस्य निकालासाठी एकत्र बसत नाहीत, चर्चा करत नाहीत, कारणे लिहून देत नाहीत. प्रत्येक जण आपापले गुप्त मत देतो, बाहेरची हिशेबतपासनीस संस्था ते मोजते, आणि कोणाला किती मते पडली हे कधीच जाहीर केले जात नाही.

म्हणून 'अकादमीने ओ'टूलवर अन्याय केला' हे वाक्य ऐकायला बरे वाटले तरी ते तितकेसे बरोबर नाही. अन्याय करायला आधी कोणीतरी ठरवावे लागते. इथे ठरवणारा कोणी नसतो, फक्त बेरीज असते.

ब्रिटिश नट अमेरिकी पुरस्काराच्या शर्यतीत कसे?

मराठी वाचकाला ही शंका साहजिक आहे, कारण आपल्याला ऑस्करचे एकच दार माहीत आहे. २००४ मध्ये 'श्वास' भारतातर्फे गेला तो परभाषिक चित्रपटांच्या विभागात, प्रत्येक देशाचा एक चित्रपट या हिशेबाने. ब्रिटिश चित्रपट मात्र बहुधा इंग्रजीत असतो, त्यामुळे ते दार त्याला लागू होत नाही. तो थेट मुख्य दरवाजाने येतो. त्या दरवाजाची अट देशाची नसून प्रदर्शनाची आहे. अमेरिकेत, आणि दीर्घकाळ तर लॉस एंजेलिस परिसरातच, चित्रपट ठरावीक दिवस तिकीट लावून दाखवला गेला की तो पात्र ठरतो. मग तो लंडनजवळच्या डेनम स्टुडिओत बनलेला असो की सिलोनच्या जंगलात.

या वाटेने ब्रिटिश मंडळी अगदी सुरुवातीपासून आत शिरली. जॉर्ज आर्लिस यांनी 'डिझरायली'मध्ये इंग्लंडच्या पंतप्रधानाची भूमिका करून सर्वोत्कृष्ट नटाचा पुरस्कार घेतला, तेव्हा हा सोहळा सुरू होऊन दोन वर्षेही झाली नव्हती. १९३३ च्या 'द प्रायव्हेट लाइफ ऑफ हेन्री द एट्थ'मध्ये कोंबडीची तंगडी ओरबाडून खाणारा राजा रंगवून चार्ल्स लॉटन जिंकले आणि प्रथमच ब्रिटनमध्ये तयार झालेल्या चित्रपटातल्या भूमिकेला हा मान मिळाला. १९३९ हे तर विशेष वर्ष. 'गॉन विथ द विंड'ची लाट असताना क्लार्क गेबल यांना मागे टाकून रॉबर्ट डोनट 'गुडबाय, मिस्टर चिप्स'मधल्या शाळामास्तरासाठी जिंकले, आणि 'गॉन विथ द विंड'ची नायिका म्हणून जिंकलेली व्हिव्हियन लीही ब्रिटिशच होती.

तिचा जन्म दार्जिलिंगचा. १९६५ मध्ये 'डार्लिंग'साठी जिंकलेली ज्यूली ख्रिस्ती आसामच्या चहामळ्यात जन्मली. आणि १९३५ मध्ये 'द डार्क एंजल'साठी नामांकन मिळालेली मर्ल ओबेरॉन तर आपल्या मुंबईची. पण आपले अँग्लो-इंडियन मूळ लपवण्यासाठी तिने जन्मभर टास्मानियात जन्मल्याचे सांगितले. त्या काळात मुंबईचे नाव घेतले असते, तर तिला नायिकेच्या भूमिका मिळाल्या असत्या की नाही, याची शंकाच आहे.

आधी विधान परिषद, मग विधानसभा

आता मुख्य मुद्दा. अभिनयाच्या पुरस्काराला दोन टप्पे आहेत आणि दोन्हींची मतमोजणी वेगळी आहे. महाराष्ट्रातल्या वाचकाला हा फरक समजायला अजिबात जड जाऊ नये, कारण या दोन्ही पद्धती आपण बातम्यांत पाहत आलो आहोत.

पहिला टप्पा नामांकनाचा. त्यात फक्त नट-नटींची शाखा मत देते. सदस्याने एकच नाव लिहायचे नसते. पाच नावे पसंतीच्या क्रमाने लिहायची असतात. विधान परिषदेच्या निवडणुकीत आमदार पहिल्या, दुसऱ्या पसंतीची मते देतात आणि 'कोटा' पूर्ण करणारा निवडून येतो, तसाच हा प्रकार. समजा, ६०० मतपत्रिका आल्या. जागा पाच. तर ६०० ला सहाने भागायचे आणि एक मिळवायचा: कोटा १०१. ज्याला पहिल्या पसंतीची १०१ मते मिळाली, त्याचे नामांकन पक्के. सर्वांत कमी मते मिळालेले नाव बाद होते आणि त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीकडे वळतात. असे करत पाच जागा भरतात.

या पद्धतीचा गुण असा की थोड्या लोकांना मनापासून आवडलेली भूमिकाही पाचांत येऊ शकते. शंभरातल्या सतरा जणांनी पहिली पसंती दिली तरी पुरे. उरलेल्या त्र्याऐंशी जणांना ती भूमिका आवडली नसली तरी चालते. १९७२ च्या 'द रूलिंग क्लास'मध्ये ओ'टूल यांनी स्वतःला देव समजणारा एक वेडसर सरदार उभा केला. हा चित्रपट सगळ्यांना रुचण्यासारखा नव्हताच, तरीही नामांकन आले. नटांनी नटाला दिलेली ती दाद होती.

दुसरा टप्पा अंतिम निकालाचा. इथे सगळ्या शाखांचे सदस्य मत देतात, एकच नाव निवडतात, आणि ज्याला सर्वाधिक मते तो विजयी. ही आपली विधानसभेची पद्धत. पाच उमेदवार उभे असतील तर २४ टक्के मते मिळवणाराही आमदार होऊ शकतो, जरी ७६ टक्के लोकांनी त्याला मत दिलेले नसले तरी. सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी २००९ पासून अंतिम फेरीतही पसंतीक्रमाची पद्धत आली आहे. अभिनयासाठी मात्र अजून साधे मताधिक्यच चालते.

या दोन टप्प्यांतच ओ'टूल यांच्या कोड्याची किल्ली आहे, असे मला वाटते. बरोबरीचे नट त्यांना वारंवार पहिल्या टप्प्यातून पुढे पाठवत राहिले. दुसऱ्या टप्प्यात, जिथे हजारो वेगवेगळ्या पेशांच्या लोकांची साधी बेरीज होते, तिथे ते दरवेळी कोणाच्या तरी मागे राहिले. किती मागे, ते कोणालाच ठाऊक नाही. आठपैकी एखाद्या वेळी अवघ्या दहा मतांनीही हुकले असतील.

एकाच चित्रपटाचे दोन नायक असले की मते फुटतात का?

१९६४ च्या 'बेकेट'मध्ये ओ'टूल राजा दुसरा हेन्री झाले होते आणि बर्टन त्याचा जिवलग मित्र व पुढे धर्मगुरू झालेला बेकेट. दोघांनाही मुख्य भूमिकेचे नामांकन मिळाले. पुरस्कार मिळाला 'माय फेअर लेडी'मधल्या रेक्स हॅरिसन यांना. तेव्हापासून 'बेकेटची मते फुटली' असे म्हटले जाते. गणित म्हणून हे शक्य आहे: शंभरांपैकी ४५ जणांना 'बेकेट' आवडला, त्यांनी २३ आणि २२ अशी विभागणी केली आणि तिसऱ्याला ३० पडली, तर तो तिसरा जिंकतो. मतविभागणीचे हे राजकारण आपल्याला नव्याने समजवायला नको.

पण हा काही अटळ नियम नाही. १९७६ च्या 'नेटवर्क'मध्येही दोन नायक नामांकित होते, तरी लंडनमध्ये जन्मलेले पीटर फिंच जिंकले, तेही मृत्यूनंतर. १९८४ च्या 'अमाडेउस'चेही दोन नायक नामांकित होते आणि त्यांतला एक जिंकला. आणि हॅरिसन यांच्या बाजूचेही पाहायला हवे. प्राध्यापक हिगिन्सची भूमिका ते रंगभूमीवर वर्षानुवर्षे करत आले होते. बर्नार्ड शॉच्या ज्या नाटकावरून हा चित्रपट आला, त्यावरूनच पु. ल. देशपांडे यांनी 'ती फुलराणी' लिहिले, त्यामुळे त्या भूमिकेत काय लागते हे मराठी प्रेक्षकाला पुरेपूर माहीत आहे. गंमत अशी की त्या वर्षी चित्रपटातल्या फुलराणीला, ऑड्री हेपबर्नला, साधे नामांकनही मिळाले नाही. आणि रंगमंचावर तीच भूमिका गाजवूनही चित्रपटातून वगळल्या गेलेल्या ज्यूली अँड्र्यूज 'मेरी पॉपिन्स'साठी जिंकल्या. पीटर युस्तिनॉफ यांचा सहायक भूमिकेचा पुरस्कार धरला, तर अभिनयाच्या चारांपैकी तीन बाहुल्या त्या रात्री ब्रिटिशांच्या हाती गेल्या.

मुख्य कोण आणि सहायक कोण, हे कोण ठरवते?

१९३५ च्या 'म्यूटिनी ऑन द बाउंटी'मधल्या तिघांना एकदमच सर्वोत्कृष्ट नटाचे नामांकन मिळाले, त्यांत लॉटनही होते, आणि तिघेही हरले. पुढच्याच वर्षीपासून सहायक भूमिकांसाठी वेगळे पुरस्कार सुरू झाले. पण भूमिका कोणत्या खणात टाकायची, त्यासाठी मिनिटांचा कसलाही नियम नाही. निर्माते आपल्या सोयीने प्रचार करतात, अंतिम निर्णय मत देणाऱ्या नटांचा. १९४४ मध्ये तर बॅरी फिट्झजेराल्ड या आयरिश नटाला एकाच भूमिकेसाठी दोन्ही खणांत नामांकन मिळाले. त्यानंतर असे होऊ नये म्हणून नियम बदलला.

म्हणून निवन यांची छोटी भूमिका 'मुख्य' ठरू शकते, 'द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स'मध्ये अँथनी हॉपकिन्स अर्ध्या तासाहून कमी दिसूनही नायकाचा पुरस्कार घेऊ शकतात. इथे मला अकादमीची बाजू घ्यावीशी वाटते. भूमिकेचे वजन घड्याळाने मोजायचे नसते. निवन यांनी खोट्या पराक्रमाच्या गोष्टी सांगणारा जो तोतया मेजर उभा केला, तो पडद्यावर नसतानाही इतर सगळी पात्रे त्याच्याबद्दलच बोलत असतात.

इंग्रजी उच्चारांची मोहिनी?

ब्रिटिशांचे सफाईदार उच्चार ऐकून अमेरिकी लोक भाळतात आणि मत देतात, असे एक आवडते स्पष्टीकरण आहे. त्यात थोडे तथ्य असेल, पण व्हिव्हियन ली हिने ते आधीच खोटे पाडले आहे. तिचे दोन्ही पुरस्कार, १९३९ चा आणि १९५१ चा 'अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर'चा, अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या स्त्रियांच्या भूमिकांसाठी आहेत, तिथल्याच हेलांसकट.

खरे कारण रंगभूमीत शोधावे लागेल. लॉरेन्स ऑलिव्हिए 'हॅम्लेट' घेऊन आले ते रंगभूमीवरची पुण्याई घेऊन. १९४८ मध्ये ते स्वतःच्याच दिग्दर्शनाखाली जिंकले आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार प्रथमच अमेरिकेबाहेर गेला. पॉल स्कोफिल्ड यांनी 'अ मॅन फॉर ऑल सीझन्स'मधला टॉमस मोर आधी लंडनमध्ये आणि मग न्यूयॉर्कमध्ये रंगमंचावर शेकडो वेळा जगून घेतला होता. शंभर प्रयोगांनंतर नटाला भूमिकेत कुठे थांबायचे ते कळते, हे आपल्याकडच्या कोणत्याही व्यावसायिक नाटकातला नट सांगेल. कॅमेऱ्यासमोर आल्यावर स्कोफिल्ड जवळजवळ काहीच 'करत' नाहीत, आणि ते न करणेच विलक्षण आहे.

आणि मग अॅलेक गिनेस. १९५७ च्या 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय'मधला कर्नल निकल्सन जपान्यांच्या कैदेत आहे. अधिकाऱ्यांनी अंगमेहनत करायची नाही, या नियमासाठी तो पत्र्याच्या तापलेल्या कोठडीत दिवस काढतो. प्रेक्षक त्याच्यावर खूश होतो. मग तोच शिस्तीच्या आणि अभिमानाच्या ओघात शत्रूसाठी उत्तम पूल बांधून देतो, आणि आपण ज्याला वीर समजत होतो तो किती भरकटला आहे हे त्याच्याही आधी आपल्याला कळते. गिनेस यांनी हे कुठेही आवाज न चढवता केले. मत देणाऱ्याला अशी भूमिका आवडते, कारण तिच्यात माणूस एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जाताना स्पष्ट दिसतो. ओ'टूल यांच्या लॉरेन्समध्येही हा प्रवास आहेच. मग?

समोर कोण होते?

इथे नशिबाचा भाग येतो, आणि तो मोठा आहे. १९६२ मध्ये ओ'टूल नवखे होते, समोर होते ग्रेगरी पेक, चार वेळा नामांकन मिळून हरलेले, हॉलीवूडमध्ये सर्वांचे लाडके, आणि 'टू किल अ मॉकिंगबर्ड'मधल्या न्यायासाठी लढणाऱ्या वकिलाच्या भूमिकेत. 'लॉरेन्स'ला सात पुरस्कार मिळाले, लॉरेन्सला मिळाला नाही. १९६८ मध्ये 'द लायन इन विंटर'साठी ते पुन्हा दुसरा हेन्री झाले. राणी झालेल्या कॅथरिन हेपबर्न जिंकल्या (बार्ब्रा स्ट्रायसँडशी बरोबरी होऊन), राजा झालेले ओ'टूल मात्र क्लिफ रॉबर्टसन यांच्यासमोर हरले. १९६९ मध्ये त्यांनी डोनट यांना पुरस्कार देणारा तोच मिस्टर चिप्स केला, पण त्या वर्षी चाळीस वर्षे घोड्यावर काढलेल्या जॉन वेन यांची थकबाकी अकादमीने चुकती केली. १९७२ मध्ये समोर 'द गॉडफादर'चे मार्लन ब्रँडो. त्यांनी तर पुरस्कार नाकारला. ज्यासाठी एक माणूस जन्मभर दारात उभा राहिला, ते दुसऱ्याने परत पाठवले. १९८० मध्ये 'द स्टंट मॅन' विरुद्ध 'रेजिंग बुल'चे रॉबर्ट डी नीरो.

आणि १९८२ मध्ये 'माय फेवरिट इयर' विरुद्ध 'गांधी'. त्या वर्षी बेन किंग्जली, मूळ नाव कृष्ण भानजी, जिंकले. त्याच चित्रपटाच्या वेशभूषेसाठी कोल्हापूरच्या भानू अथैया यांना जॉन मोलो यांच्याबरोबर ऑस्कर मिळाले, भारतीयाला मिळालेले पहिले. कस्तुरबा झालेल्या रोहिणी हट्टंगडी यांना मात्र अकादमीने नामांकनही दिले नाही, आणि बाफ्टाने, म्हणजे ब्रिटनच्या चित्रपट अकादमीने, सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार दिला, 'रेड्स'साठी मॉरिन स्टेपलटन यांच्याबरोबर विभागून. स्टेपलटन यांना त्याच भूमिकेसाठी ऑस्कर एक वर्ष आधीच मिळाले होते, कारण 'रेड्स' ब्रिटनमध्ये उशिरा लागला. मतदार बदलले, तारखा बदलल्या की स्पर्धकच बदलतात. बाफ्टात तर १९६७ च्या चित्रपटांपर्यंत ब्रिटिश आणि परदेशी नटांना वेगवेगळे पुरस्कार होते. 'लॉरेन्स'साठी ओ'टूल यांना ब्रिटिश नटाचा बाफ्टा मिळाला तो पेक यांच्याशी गाठ न पडता.

मग शेवटी भरपाई झालीच ना?

असे म्हणणारे २००३ च्या मानद ऑस्करकडे बोट दाखवतात. मानद पुरस्काराला मतपत्रिका नसतात. अकादमीचे नियामक मंडळ तो ठरवते. म्हणजे इथे मात्र खरोखर कोणीतरी ठरवते. तो पुरस्कार जाहीर झाल्यावर ओ'टूल यांनी अकादमीला पत्र लिहून कळवले की मी अजून खेळात आहे, सरळ जिंकण्याची शक्यता आहे, तेव्हा हा मान मी ऐंशी वर्षांचा होईपर्यंत राखून ठेवावा. अकादमीने ऐकले नाही, आणि अखेर त्यांनी तो जाऊन स्वीकारला.

त्यांचे म्हणणे अगदीच पोकळ नव्हते. २००६ मध्ये 'व्हीनस'मधल्या एका वृद्ध नटाच्या भूमिकेसाठी नटांच्या शाखेने त्यांना आठव्यांदा पाचांत बसवले. पुरस्कार 'द लास्ट किंग ऑफ स्कॉटलंड'साठी फॉरेस्ट व्हिटेकर यांना गेला. जुलै २०१२ मध्ये, ऐंशी पूर्ण व्हायला काही आठवडे उरले असताना, ओ'टूल यांनी अभिनयातून निवृत्ती जाहीर केली.